डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा व्यायाम : सेवेचा दर्जा मोजायचा कसा?

ब्रिटनमध्ये रक्तदाब, वाढती साखर, कंबरदुखी किंवा नैराश्याची तक्रार घेऊन आपण जीपीकडे, म्हणजे ज्यांच्याकडे आपलं नाव नोंदलेलं आहे त्या डॉक्टरांकडे गेलात, तर गोळ्यांबरोबर कधी कधी व्यायामाचीही चिठ्ठी मिळते. चिठ्ठी जवळच्या लेझर सेंटरला, म्हणजे व्यायाम आणि खेळांच्या सार्वजनिक केंद्राला जाते. तिथला खास प्रशिक्षण घेतलेला इन्स्ट्रक्टर तपासणी करून बेत आखतो आणि साधारण दहा ते सोळा आठवडे, बहुधा सवलतीच्या दरात, देखरेखीखाली व्यायाम होतो. याला एक्सरसाइज रेफरल म्हणतात. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २००१ साली अशा योजनांसाठी गुणवत्तेची चौकट आखली. वेल्समध्ये २००७ पासून देशभर एकच योजना चालते.

तिकडच्या मराठी घरांतल्या वडीलधाऱ्यांचा या चिठ्ठीशी संबंध येण्याचं कारणही आहे. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना तुलनेने कमी वजनावरच मधुमेहाचा धोका सुरू होतो. त्यामुळे तिथल्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २०१३ मध्ये त्यांच्यासाठी बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाची, सावधगिरीची रेषा २५ ऐवजी २३ धरायला सांगितली.

आता समजा, आपण अशा केंद्रात काम करता आणि वरिष्ठांनी विचारलं, ‘आपली सेवा चांगली आहे हे कशावरून?’ बहुतेक जण लगेच समाधानाचा फॉर्म छापायला घेतात. जरा थांबा.

आधी एका कागदावर सेवेचा सगळा रस्ता लिहून काढा. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, केंद्रातून फोन गेला, पहिली भेट झाली, वर्ग सुरू झाले, शेवटची भेट झाली, सहा महिन्यांनी आणि वर्षाने विचारपूस झाली. ट्रेडमिल कितीही नवी असो, चिठ्ठीनंतर दीड महिना फोनच आला नाही तर पेशंटच्या लेखी सेवा तिथेच बिघडली.

मग प्रत्येक टप्प्यावर माणसं मोजा. समजा १०० जणांना चिठ्ठी मिळाली, ६५ पहिल्या भेटीला आले आणि ३० शेवटपर्यंत टिकले. शेवटच्या दिवशी त्या ३० जणांना फॉर्म दिला आणि २८ जणांनी ‘उत्तम’वर खूण केली. अहवालात लिहिलं जातं : ९३ टक्के समाधानी! उरलेल्या सत्तर जणांचं मत कुणी विचारलेलंच नाही, आणि सेवेत काय खटकतं हे त्यांनाच जास्त ठाऊक असणार. या कामातली सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्याकडे पुढे परत येऊ.

मोजणीआधी ‘शेवटपर्यंत’ म्हणजे काय ते ठरवून लिहून ठेवा. कुणी ८० टक्के वर्गांना आलेल्याला टिकला म्हणतं, कुणी फक्त शेवटच्या भेटीला उगवलेल्यालाही. व्याख्या नंतर ठरवली की आकडा हवा तसा वळतो.

यानंतर प्रश्नावली. सर्वांत जास्त वापरली गेलेली पद्धत ‘सर्व्हक्वाल’. पारसुरामन, झाइटहॅमल आणि बेरी या अमेरिकेतल्या तीन अभ्यासकांनी ती १९८८ मध्ये मांडली. तिच्यात २२ विधानं असतात, पाच बाजूंमध्ये वाटलेली : दिसणाऱ्या गोष्टी, भरवसा, तत्परता, कर्मचाऱ्यांच्या जाणकारीबद्दलचा विश्वास आणि आपुलकी. प्रत्येक विधानाला १ ते ७ गुण द्यायचे.

ही विधानं आहे तशी उचलू नका, कारण ती बँका आणि दुरुस्ती सेवांसारख्या व्यवसायांचा अभ्यास करून बेतलेली आहेत. व्यायाम केंद्रात ‘दिसणाऱ्या गोष्टी’ म्हणजे सायकलची सीट गुडघा दुखणाऱ्याला जमेल इतकी खाली-वर होते का, दम लागला तर बसायला खुर्ची आहे का, गाणी किती मोठ्याने लागतात, कपडे बदलायला आडोसा आहे का. आपुलकी म्हणजे इन्स्ट्रक्टरला आपलं दुखणं पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही. अनेक बायकांच्या दृष्टीने फक्त बायकांसाठी राखलेला तास ही सेवेतली पहिली अट असते, आणि मूळ २२ विधानांत ती कुठेच नाही.

मूळ पद्धतीत प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात : चांगल्या केंद्राकडून अपेक्षा किती आणि इथला अनुभव कसा. अनुभवातून अपेक्षा वजा करायची. ‘वर्ग ठरल्या वेळी सुरू होतो’ याची अपेक्षा ६.८ आणि अनुभव ५.९ असेल, तर फरक उणे ०.९. म्हणजे तिथे सेवा कमी पडते.

इथे एक मेख आहे. साठीपर्यंत जिमची पायरी न चढलेला माणूस अपेक्षा कशाच्या जोरावर सांगणार? काही जण सरसकट ७ लिहितात. काही जण तरण्याताठ्या पोरांत आपलं हसं होईल या धास्तीने आलेले असतात. त्यांची अपेक्षाच इतकी खाली असते की कुणी नीट बोललं तरी फरक अधिकमध्ये जातो आणि केंद्र खुश होतं. क्रोनिन आणि टेलर यांनी १९९२ मध्ये अपेक्षा वगळून फक्त अनुभव मोजण्याची ‘सर्व्हपर्फ’ पद्धत पुढे आणली. लहान केंद्राला तीच पुरेशी आहे असं माझं मत. प्रश्न निम्मे होतात आणि फॉर्म पुरा भरला जातो.

फॉर्म इन्स्ट्रक्टरच्या हातून देऊ नका. ज्याने तीन महिने हात धरून व्यायाम करून घेतला त्याच्यासमोर कोण ‘वाईट’ लिहील? नाव नको, बंद पेटी ठेवा, आणि एकदा चौथ्या आठवड्याच्या सुमाराला विचारा, म्हणजे चूक सुधारायला वेळ उरतो. इंग्रजी वाचायला अवघड जाणाऱ्यांना प्रश्न त्यांच्या भाषेत तोंडी विचारणारं कुणी हवं. मुलगा किंवा सून शेजारी बसून भरते तेव्हा उत्तरं बऱ्याचदा त्या मुलाची किंवा सुनेचीच असतात.

आता गळालेल्यांकडे. सलग दोन आठवडे न दिसलेल्याला फोन करा. ‘का सोडलंत?’ असं विचारलं की माणूस ओशाळतो आणि तब्येतीचं निमित्त सांगतो. त्यापेक्षा विचारा : वेळ जमत होती का, यायला वाहन मिळत होतं का, पहिल्या दिवशी काय अवघड गेलं, सवलत संपल्यावरचे पैसे परवडणार होते का? पाच मिनिटं पुरतात. दहा-बारा फोनांत तेच कारण पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागलं की दुरुस्ती कुठे करायची ते कळतं. जे पहिल्या भेटीलाच आले नाहीत त्यांनाही फोन करा. त्यांची अडचण बहुधा वेगळी असते.

समाधान आणि तब्येत ही दोन खाती वेगळी ठेवा. वर्ग आवडला म्हणून चालणं वाढलं असं होत नाही. वेल्सच्या योजनेची २,१६० जणांवरची चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयविकाराचा धोका म्हणून पाठवलेल्यांची हालचाल वर्षानंतर योजनेत न घेतलेल्या तशाच लोकांपेक्षा जास्त आढळली. मानसिक त्रासामुळे पाठवलेल्यांच्या हालचालीत तसा फरक दिसला नाही, पण त्यांची चिंता आणि नैराश्य कमी होतं. सगळ्यांची एकच सरासरी काढली असती तर यातलं काही हाती लागलं नसतं. आपल्या नोंदीतही पाठवण्याचं कारण हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा, नंतर तो भरता येत नाही.

नोंदी नीट ठेवण्याला आता पैशाचाही संबंध आहे. ‘नाइस’ने २०१४ मध्ये सांगितलं की केवळ बैठं जीवन आहे, बाकी तब्येत ठणठणीत आहे, अशांसाठी या योजनांवर सरकारी पैसा घालू नये. आजार किंवा धोका असलेल्यांसाठी घालावा, पण योजनेत सवय बदलायला मदत होत असेल आणि ठरलेली माहिती गोळा होत असेल तरच.

शेवटी आकडे कुणाला दाखवायचे? वरिष्ठांना तर द्यालच. पण चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनाही एक पान पाठवा : आपण पाठवलेल्यांपैकी किती आले, किती टिकले, बाकीचे का थांबले. पेशंटचं पुढे काय झालं हे कधीच न कळणारा डॉक्टर चिठ्ठ्या लिहायचंच विसरतो.