कार्बन शृंखलेची वाढ : कार्बनी संश्लेषणातील एक मूलभूत प्रश्न

प्रस्तावना :
कार्बन अणूंच्या मालिकाबंधन शक्तीमुळे कार्बनी संयुगांची संख्या अमर्याद झाली आहे. तथापि प्रयोगशाळेत एका कार्बनला दुसरा कार्बन जोडणे वाटते तितके सोपे नाही. पदवी स्तरावर विद्यार्थी शृंखला वाढविणाऱ्या अभिक्रियांची यादी पाठ करतात. परंतु दिलेल्या रेणूसाठी कोणती अभिक्रिया निवडावी, असे विचारले असता ते गोंधळतात. या अभिक्रियांमागील समान तत्त्व स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मूळ अडचण :
अल्किल हॅलाइडमधील हॅलोजनला जोडलेला कार्बन आणि अल्डिहाइड किंवा कीटोनमधील कार्बोनिल कार्बन हे दोन्ही अंशतः धन प्रभारित असतात. असे दोन कार्बन आपणहून एकमेकांशी बंध निर्माण करीत नाहीत. त्यासाठी इलेक्ट्रॉनांची जोडी देऊ शकणारा, म्हणजेच केंद्रकस्नेही कार्बन हवा. हा कार्बन कोठून आणावयाचा, हाच शृंखलावाढीचा खरा प्रश्न होय.

वुर्ट्झ यांची पद्धती :
इ. स. 1855 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झ यांनी अल्किल हॅलाइडवर सोडियमची अभिक्रिया घडवून दोन अल्किल गट जोडले. मात्र ही पद्धती सममित अल्केनांपुरतीच उपयुक्त ठरते. मिथिल आयोडाइड व इथिल आयोडाइड एकत्र घेतल्यास प्रोपेनबरोबरच इथेन आणि ब्युटेनही तयार होतात. कोणता गट कोणाशी जोडला जावा, यावर येथे नियंत्रण राहत नाही.

सायनाइड पद्धती :
सायनाइड आयनातील कार्बन मुळातच केंद्रकस्नेही असतो. इथिल ब्रोमाइडवर सोडियम सायनाइडची अभिक्रिया होऊन प्रोपेननायट्राइल मिळते व त्याच्या जलापघटनाने प्रोपेनॉइक आम्ल तयार होते. दोन कार्बनांची शृंखला अशा रीतीने तीन कार्बनांची होते. किलियानी व एमिल फिशर यांनी याच तत्त्वाने शर्करांची शृंखला वाढविली. पाच कार्बनांच्या अरॅबिनोजपासून सहा कार्बनांचे ग्लुकोज व मॅनोज मिळाले आणि शर्करांची रचना निश्चित करण्यास मोठा आधार लाभला.

ग्रिन्यार अभिकारक :
लिऑन येथे बार्बिए यांनी इ. स. 1899 मध्ये मॅग्नेशियमचा वापर केला होता. त्यांचे शिष्य व्हिक्टर ग्रिन्यार यांनी इ. स. 1900 मध्ये शुष्क इथरमध्ये अल्किल मॅग्नेशियम हॅलाइड आधी तयार करून नंतर त्यात कार्बोनिल संयुग मिसळले. या क्रमामुळे जोडणीवर नियंत्रण आले. इ. स. 1912 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. इथिल मॅग्नेशियम ब्रोमाइडपासून फॉर्माल्डिहाइडबरोबर तीन कार्बनांचा, तर इथिलिन ऑक्साइडबरोबर चार कार्बनांचा अल्कोहोल मिळतो. कार्बन डायऑक्साइडबरोबर प्रोपेनॉइक आम्ल तयार होते.

निवड कशी करावी ? :
प्रोपेनॉइक आम्ल वरील दोन्ही मार्गांनी मिळत असले, तरी हे मार्ग सर्वत्र परस्परांची जागा घेऊ शकत नाहीत. तृतीयक ब्युटिल ब्रोमाइडवर सायनाइडची क्रिया केल्यास प्रतियोजनाऐवजी हायड्रोजन ब्रोमाइडचे निष्कासन होऊन आयसोब्युटिलिन मिळते. तेथे ग्रिन्यार मार्गच स्वीकारावा लागतो. उलटपक्षी रेणूत मुक्त हायड्रॉक्सिल गट असल्यास ग्रिन्यार अभिकारक त्यातील हायड्रोजनमुळे नष्ट होतो. तेथे सायनाइड उपयोगी पडते. सायनाइड अत्यंत विषारी असून आम्लाच्या संपर्कात प्राणघातक वायू मुक्त होतो, हेही निवड करताना विसरता येत नाही.

सजीवांतील शृंखलावाढ :
मेदाम्लांच्या जैवसंश्लेषणातही हेच तत्त्व आढळते. मॅलोनिल गटातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडताच त्यातील मधला कार्बन केंद्रकस्नेही होऊन वाढत्या शृंखलेच्या कार्बोनिल कार्बनशी जोडला जातो. प्रत्येक फेरीत दोन कार्बनांची भर पडते. एक असेटिल व सात मॅलोनिल गटांपासून 16 कार्बनांचे पामिटिक आम्ल बनते. खोबरेल तेलातील लॉरिक आम्लात 12 कार्बन असतात. नैसर्गिक मेदाम्लांत बहुधा समसंख्य कार्बन आढळण्याचे कारण हेच आहे.

निष्कर्ष :
शृंखला वाढविणाऱ्या अभिक्रिया वरवर भिन्न दिसल्या तरी प्रत्येकीत इलेक्ट्रॉन देणारा कार्बन कोणता व स्वीकारणारा कोणता, हा एकच प्रश्न सोडविलेला असतो. हा प्रश्न प्रथम विचारण्याची सवय लागल्यास विद्यार्थ्यांना यादी पाठ करण्यावर विसंबून राहावे लागणार नाही.