न दुखणारा हात

फिकट चट्टा घेऊन कोणी भायखळ्याच्या जेजे रुग्णालयात आलं, की डॉक्टर त्याला डोळे मिटायला सांगतात. कापसाचं टोक कातडीला हलकेच टेकवतात. ‘कुठं लागलं? बोट ठेवा.’ चट्ट्यावर कापूस टेकूनही बोट जागचं हललं नाही, तर कुष्ठरोगाची शंका येते.

या रोगाचे जंतू नसांमध्ये घर करतात आणि तिथलं दुखणंच बंद पडतं. ऐकायला वरदान वाटतं. पण उकळत्या चहाचा पेला हातात तसाच राहतो, चपलेतला खिळा दिवसभर तळव्यात रुततो. बोटं झडतात ती रोगाने, असा समज होता. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवलं, की ती जातात न कळलेल्या जखमांनी. पुढे त्यांनी दाब वाढला की इशारा देणारे हातमोजे करून पाहिले. जमलं नाही, नको असलेला इशारा माणसं बंदच करून टाकत.

म्हणून वेदना पार पुसून टाकावी, हे मला पटत नाही. मात्र परळच्या टाटा रुग्णालयातल्या कर्करुग्णाची कळ वेगळी. तिचा निरोप केव्हाच पोचलेला असतो. तिथे मॉर्फिन मिळालंच पाहिजे. 2014 साली कायदा बदलून ते मिळवणं सोपं केलं, ते योग्यच झालं.

कुष्ठरोगाचे जंतू गोळ्यांनी मरतात, गोळ्या मोफत मिळतात. उशीर झाला असेल तर बधिरपणा मात्र राहतो. मग रोज संध्याकाळी पाय पाण्यात भिजवायचे, पुसायचे आणि आरसा धरून तळवे पाहायचे.