विज्ञानकथात्मक भूमिकाखेळांतील सीमाप्रदेश
विज्ञानकथात्मक भूमिकाखेळांतील सीमाप्रदेश : अमेरिकेच्या पश्चिम भागात झालेल्या वसाहतीविषयीच्या कथांमधील प्रसंग, पात्रे व मूल्ये अंतराळात किंवा भविष्यकाळात योजणारे एक कथासूत्र. भूमिकाखेळात प्रत्येक खेळाडू एका कल्पित पात्राची भूमिका घेतो. सूत्रधार परिस्थितीचे वर्णन करतो आणि पात्रांच्या कृतींचे यशापयश नियम व फासे यांच्या आधारे ठरते. बुद्धिबळाप्रमाणे त्यात अखेरचा जय-पराजय असतोच असे नाही. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स (१९७४) ह्या खेळापासून हा प्रकार रूढ झाला.

पूर्वपीठिका : वसाहतीची पुढे सरकणारी सीमारेषा अमेरिकेत आता उरली नाही, असा निष्कर्ष १८९० च्या जनगणनेवरून काढण्यात आला. त्याच्या आधारे इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी १८९३ मध्ये असे प्रतिपादन केले, की अमेरिकन लोकांचा स्वभाव व लोकशाही ह्या सीमेवरच घडली. भूमीवरील सीमा संपल्यावर कल्पनेने ती ग्रहांवर नेली. एडगर राइस बरोज यांच्या १९१२ मधील मंगळकथेचा नायक ॲरिझोनाच्या वाळवंटात सोने शोधणारा माजी सैनिक असून तेथूनच तो मंगळावर पोहोचतो. स्टार ट्रेक (१९६६) ह्या दूरचित्रवाणी मालिकेची कल्पना मांडताना जीन रॉडनबेरी यांनी वॅगन ट्रेन ह्या पाश्चिमात्य मालिकेचा दाखला दिला होता.

प्रमुख खेळ : बूट हिल (१९७५) हा पिस्तूलबाजांच्या पश्चिमेवर आधारलेला, विज्ञानकथेशी संबंध नसलेला खेळ होता. मार्क मिलर यांच्या ट्रॅव्हलर (१९७७) ह्या खेळाने अंतराळातील साम्राज्य रंगविले; त्याच्या १९७९ मधील पुरवणीत साम्राज्याच्या काठावरील ग्रहसमूहांचे वर्णन आले. ह्या खेळात एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी घेण्यास सुमारे एक आठवडा लागतो आणि संदेश जहाजापेक्षा वेगाने जात नाही. त्यामुळे राजधानीचा हुकूम उशिरा पोहोचतो आणि स्थानिक अधिकारी, व्यापारी व साहसी प्रवासी यांना आपले निर्णय आपणच घ्यावे लागतात. घोडेस्वार टपालाच्या काळातील अंतराची जाणीव अशा रीतीने एका नियमातून निर्माण होते. स्टार फ्रंटिअर्स (१९८२) ह्याच्या नावातच सीमा आहे. डेडलँड्स : लॉस्ट कॉलनी (२००२) आणि सेरेनिटी (२००५) ह्या खेळांत परग्रह व पिस्तूल यांचा मेळ उघडपणे घातला आहे.

दुर्बळ शासन, मोठे अंतर, तुटपुंजी सामग्री व लहानसा गट ही ह्या कथासूत्राची अंगे होत. मोजके खेळाडू एखाद्या वस्तीचे भवितव्य बदलू शकतील अशी परिस्थिती त्यांतून सहज उभी राहते.

टीका व ऐतिहासिक पडताळा : ह्या कथासूत्रावरील मुख्य आक्षेप असा, की त्यात भूमी ओसाड मानली जाते व तेथील मूळ रहिवासी संकट म्हणून येतात. प्रत्यक्ष सीमाप्रदेश कसा असतो हे खानदेशाच्या इतिहासावरून समजते. १८१८ मध्ये हा प्रदेश इंग्रजांकडे आला, तेव्हा सातपुडा व सातमाळा यांच्या डोंगरांत भिल्ल नाईकांचे प्राबल्य होते. सरकारी कागदपत्रांत त्यांचा उल्लेख लुटारू म्हणून येतो. परंतु घाटवाटांची राखण व तिच्याबद्दलचे परंपरागत हक्क हेही त्यांच्याकडे होते. केवळ लष्करी मोहिमांनी शांतता न आल्याने १८२५ मध्ये जेम्स औट्रम यांच्या हाताखाली भिल्ल पलटण उभारण्यात आली. पूर्वी एरंडोल तालुक्यात असलेले धरणगाव हे तिचे मुख्य ठाणे होते. माफी, शेतीसाठी मदत व नोकरी यांचा अवलंब होऊनही प्रश्न पुरता सुटला नाही. १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक यांच्या नेतृत्वाखाली सातपुड्यात उठाव झाला. तात्पर्य, ज्याला राज्यकर्ता सीमा म्हणतो ती दुसऱ्या कोणाची तरी वहिवाटीची भूमी असते, आणि बंडखोर व शिपाई हे अनेकदा एकाच समाजातून येतात.

ही जाणीव अलीकडच्या खेळांतही दिसते. लॉस्ट कॉलनीमध्ये वसाहतकार व ग्रहाचे मूळ रहिवासी यांच्यातील संघर्ष हा कथेचाच विषय आहे. चेरोकी राष्ट्राचे सदस्य कॉनर अलेक्झांडर यांच्या कायोटी अँड क्रो ह्या खेळाने तर यूरोपीय वसाहत कधी झालीच नाही अशा अमेरिकेचे भविष्य कल्पिले असून त्यासाठी २०२१ मध्ये लोकवर्गणीतून दहा लाख डॉलरांहून अधिक निधी जमला. सीमेच्या अलीकडून सांगितली जाणारी कथा पलीकडूनही सांगता येते, हे अशा खेळांनी दाखवून दिले आहे.