डिकीतले स्वयंपाकघर : पेटीआधी शेगडी पाहा

पावसाळा ओसरू लागला की कास, बामणोली, तापोळा, ठोसेघर या रस्त्यांवर पुण्या-मुंबईच्या आणि सांगली-कोल्हापूरच्या गाड्यांची रीघ लागते, हे सातारकरांना नवे नाही. नवे आहे ते या गाड्यांच्या डिकीत दिसू लागलेले सामान. तंबू, घडीच्या खुर्च्या आणि त्यांच्या जोडीला एक घडीचे स्वयंपाकघर! राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले खरे. परंतु कॅराव्हॅन परवडणारी कुटुंबे मोजकीच. बाकीचे आपल्या नेहमीच्याच मोटारीत चूल-बोळके भरून निघतात. त्यांच्यासाठी बाजारात ॲल्युमिनियमच्या घडीच्या टेबलापासून खणाखणांच्या लाकडी पेट्यांपर्यंत बरेच काही आले आहे. ग्राहक बहुधा खण किती, रंग कोणता आणि घडी केल्यावर पेटी किती लहान होते, हे पाहून ती विकत घेतो. सह्याद्रीच्या पठारावर मात्र जेवण वेळेवर आणि सुखरूप होते की नाही, हे पेटी ठरवीत नाही. ते ठरवितात शेगडी, इंधन आणि वारा. निवडही त्याच क्रमाने व्हावयास हवी.

फिरते स्वयंपाकघर ही काही आपल्याकडे परदेशातून आलेली कल्पना नव्हे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पुढे जाते. तिच्यासोबतच्या दिंड्यांचे ट्रक ज्याने पाहिले आहेत, त्याला या विषयातले निम्मे ज्ञान फुकट मिळाले आहे. वारकरी चालत असतात तेव्हा ट्रक पुढे जाऊन तळ गाठतो. आधी राहुट्या उतरतात, मग पाणी, मग भांडी आणि शिधा. जे आधी लागते ते शेवटी भरलेले असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ट्रक सामान वाहतो. चूल किंवा भट्टी साधारणतः जमिनीवर, मोकळ्या हवेत पेटते. अमेरिकेतही १८६६ मध्ये चार्ल्स गुडनाइट या गुराख्याने लष्कराच्या जुन्या गाडीच्या मागील बाजूस खणांची पेटी बसविली. तिचे झाकण खाली पाडले की त्याचेच टेबल होई. आज हजारो रुपयांना विकल्या जाणाऱ्या पेट्यांची ही पूर्वज.

आता शेगडीकडे वळू. सर्वांत खपाचा प्रकार म्हणजे ब्रीफकेससारख्या डब्यातून येणारी चपटी शेगडी. तिच्या एका बाजूच्या कप्प्यात ब्युटेन वायूचा साधारण २२० ते २३० ग्रॅमचा कॅन आडवा बसतो. वजन कमी, पेटविणे सोपे, घडीची कटकट नाही. मोठ्या ज्योतीवर एक कॅन साधारण सव्वा ते दीड तास चालतो. चहा, पोहे, मॅगी, अंडी एवढाच बेत असेल तर दोघा-तिघांच्या एका मुक्कामाला दोन कॅन पुरतात.

परंतु आपल्या जेवणात भाकरी असते, आणि खरी मेख तिथेच आहे. भाकरीचा लोखंडी तवा रुंद असतो. तो या शेगडीवर ठेवला की त्याची कड कॅनच्या कप्प्यावर येते; तव्याखालची उष्णता कप्प्यावर परतते आणि कॅन तापू लागतो. आतला दाब वाढला की शेगडीतील सुरक्षा यंत्रणेने कॅन सुटून यावा अशी योजना चांगल्या शेगड्यांत असते. स्वस्त मालात ती असेलच असे नाही. अशा वेळी कॅन फुटू शकतो. यास्तव भांड्याचा तळ कप्प्याच्या झाकणापर्यंत पोहोचता कामा नये, हा नियम समजावा. एकाच वेळी दोन शेगड्या चिकटून ठेवून त्यांवर एक मोठा तवा ठेवण्याची युक्तीही तितकीच घातक. ज्यांना भाकरी किंवा घावन हवेच, त्यांनी कॅन अथवा सिलिंडर नळीने दूर राहील अशी शेगडी घ्यावी.

दुसरा मुद्दा वाऱ्याचा. चाळकेवाडी आणि वनकुसवडे येथील पठारांवर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. दुकानात निळी, सरळ उभी राहणारी ज्योत अशा पठारावर आडवी होते. भांड्याखालून उष्णता निघून जाते आणि गॅस दुप्पट जळूनही पाणी उकळत नाही. म्हणून ज्योतीभोवती खोलगट कडे असलेली शेगडी घ्यावी. पत्र्याचा घडीचा आडोसा जरूर न्यावा. मात्र तो वाऱ्याच्या बाजूनेच लावावा. चारही बाजूंनी शेगडी कोंडली तर पुन्हा कॅन तापण्याचा धोका आहेच. गाडी वाऱ्याला आडवी उभी करून तिच्या आडोशाला टेबल मांडणे हा बिनखर्चाचा उपाय आहे, पण मध्ये चार हात अंतर हवे.

थंडीचा प्रश्न महाबळेश्वरला जाणाऱ्यांना भेडसावतो. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या वाचकांनी वाचल्या असतीलच. ब्युटेनचा उत्कलनांक शून्याच्या किंचित खाली, म्हणजे सुमारे उणे अर्धा अंश आहे. हवा चार-पाच अंशांवर आली की त्याचे वायूत रूपांतर मंदावते, आणि शेगडी चालू असताना कॅन आणखी गार होत जातो. पहाटेचा चहा अर्धा तास रेंगाळतो तो यामुळे. प्रोपेन मिसळलेले कॅन मिळतात, ते थंडीत बरे चालतात. कॅन ज्योतीजवळ धरून ‘गरम करण्याचा’ उद्योग कोणीही करू नये.

चार-पाच माणसांचे कुटुंब आणि दोन रात्रींचा मुक्काम असेल तर तेल कंपन्यांचा पाच किलोंचा सिलिंडर आणि दोन बर्नरची शेगडी हाच व्यवहार्य पर्याय ठरतो. इंडियन ऑइलने आपल्या अशा सिलिंडरला २०२० मध्ये ‘छोटू’ हे नाव दिले. घेताना सिलिंडरच्या वरच्या पट्टीवरील अक्षर व आकडा पाहावा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून याप्रमाणे डीपर्यंत. पुढचे दोन आकडे वर्षाचे. ती सिलिंडरच्या पुढील चाचणीची मुदत असते. रेग्युलेटर त्याच सिलिंडरला बसतो ना, हे जागेवरच लावून पाहावे. रबरी नळी आयएसआय चिन्हाची आणि मुदतीतली असावी.

याउलट, भांड्यांच्या दुकानात मिळणारे आणि डोक्यावरच बर्नर बसविलेले बारके सिलिंडर टाळावेत, असे स्पष्टच सांगावे लागेल. ते घरगुती सिलिंडरमधून चोरून भरून दिले जातात. असे भरणे बेकायदा आहे. शिवाय किती भरले, झडप टिकेल का, याचा कोणालाच पत्ता नसतो. दोन-चारशे रुपये वाचविण्यासाठी मुलाबाळांच्या मागे डिकीत हे ठेवणे शहाणपणाचे नाही.

विजेवरच्या शेगडीचे आकर्षण अलीकडे वाढले आहे. गणित सोपे आहे. मोटारीतील १२ व्होल्टच्या सॉकेटमधून साधारण १२० वॅट मिळतात. त्यावर लिटरभर पाणी उकळीला यायला पाऊण तास लागतो. १०० अँपिअर-अवरची बॅटरी जोडली तरी १,५०० वॅटची इंडक्शन शेगडी ती तासाभरात संपविते. बाहेर वीज पुरविण्याची सोय असलेली विजेवरची मोटार असेल तर गोष्ट वेगळी. पण परतीच्या घाटासाठी चार्ज शिल्लक हवा.

शेगडी कोणतीही असो, ती गाडीत किंवा तंबूत पेटवू नये. पाऊस आला की हा मोह होतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो गाडीच्या तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे उभ्या असलेल्या पर्यटकांच्या खासगी रेल्वेडब्याला आग लागून नऊ जण मृत्युमुखी पडले. डब्यात नियम मोडून सिलिंडर आणला गेला होता. दुसरा धोका न दिसणारा. कोंदट जागेत ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. ऊब यावी म्हणून रात्री तंबूत निखाऱ्याची शेगडी ठेवणारे या वायूमुळे झोपेतच दगावतात. पावसासाठी गाडीच्या मागील दाराला बांधता येणारे, तीन बाजूंनी उघडे छत घ्यावे आणि शेगडी त्याच्या बाहेरच्या टोकाशी मांडावी. रिकाम्या गाडीत उन्हात कॅन ठेवणेही टाळावे. बहुतेक कॅनवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते, आणि एप्रिलमध्ये बंद गाडी ती सहज ओलांडते.

इतके झाल्यावर पेटी. आधी डिकीची लांबी-रुंदी नव्हे, तर मागील दाराच्या तोंडाची उंची मोजावी. पेटी आत मावते पण दारातून जात नाही, असे घडते. भरलेली पेटी दोघांना उचलता आली पाहिजे. एका मोठ्या पेटीपेक्षा दोन लहान बऱ्या. आंबेनळीच्या वळणांवर मोकळी पेटी डिकीभर फिरते, म्हणून पट्ट्याने बांधण्यासाठी कड्या हव्यात. टेबलाचे पाय स्वतंत्रपणे लहान-मोठे होणारे असावेत, कारण जांभ्याच्या पठारावर सपाट जागा मिळणे कठीण. गाडीत कायमचे जोडलेले स्वयंपाकघर करून देणारेही आहेत. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्राशी विसंगत बदल करता येत नाहीत. काढता-घालता येणारी पेटी या भानगडीत पडत नाही.

भांड्यांत तीन लिटरचा कुकर पहिला. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी १०० नव्हे, तर सुमारे ९५-९६ अंशांवरच उकळते; उघड्या पातेल्यातली डाळ गॅस खाते. पाण्यासाठी नळ असलेला २० लिटरचा कॅन पुरे, पण त्याचे वजन २० किलो होते हे लक्षात ठेवून तो खाली, मागच्या सीटला टेकवून ठेवावा. पहिल्या संध्याकाळी स्वयंपाक करूच नये, हे आमचे मत. सांगलीचे भडंग आणि घरून नेलेल्या दशम्या कशासाठी असतात?

जागेचे भानही हवे. कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तर कोयना-चांदोलीचे जंगल २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटविणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० नुसार गुन्हा आहे. फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवताला वणव्यासाठी निमित्तच हवे असते. तेव्हा परवानगी असलेल्या जागीच मुक्काम करावा, शेगडी टेबलावर ठेवावी आणि खरकटे पाणी झऱ्यात अथवा तलावात न ओतता दूर मातीत जिरवावे.

खरेदी झाली की निघण्याआधीच्या रविवारी घराच्या गच्चीवर या सरंजामावर एक पूर्ण जेवण करून पाहावे. घरात उतरून काहीही आणायचे नाही, अशा अटीवर. काय राहिले ते तेव्हाच कळते. बहुधा काडेपेटी, सांडशी आणि चहाची गाळणी.