कात टाकणाऱ्यांचं कूळ : तीन दशकांचा मागोवा

मे १९९७मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात पाच पानांचा एक शोधनिबंध आला. ॲना मारी अग्विनाल्दो, जेम्स लेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात एक धाडसी मांडणी केली होती. माशी, कोळी, खेकडा यांचं जवळचं नातं गांडुळाशी नसून जंतासारख्या गोलकृमींशी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. वाढताना अंगावरचं आवरण टाकून द्यायचं, ही या साऱ्यांची समान रीत. या कुळाचं नाव त्यांनी ‘एक्डायसोझोआ’, म्हणजे कात टाकणारे प्राणी, असं ठेवलं. ज्ञात प्राणिजातींपैकी बहुसंख्य जाती याच कुळातल्या आहेत. त्यामुळे प्राणिसृष्टीच्या वंशवृक्षाची नव्यानं मांडणी करणं भाग पडलं.

त्याआधीचं चित्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आलं होतं. फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी वलयी आणि संधिपाद प्राण्यांना ‘आर्टिक्युलाटा’ या एका गटात बसवलं होतं. गोम आणि गांडूळ शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर त्यांचा विचार पटतो. दोघांचंही शरीर एकामागोमाग जोडलेल्या खंडांचं आहे. मऊ अंगाचा, पण पाय असलेला मखमली कृमी या दोघांमधला दुवा वाटे. गोलकृमींना मात्र खंड नाहीत आणि त्यांची देहगुहाही ‘फसवी’, म्हणून त्यांची जागा बरीच खालची. डोळ्यांना दिसेल ते प्रमाण मानणाऱ्या काळात ही रचना निर्दोष भासली.

इथे काती-कातीतला फरक ध्यानात घ्यायला हवा. साप टाकतो तो त्याच्या त्वचेचाच मृत पेशींचा थर. संधिपाद आणि गोलकृमी टाकतात ते त्वचेच्या पेशींनी बाहेर स्रवलेलं निर्जीव कवच. ते फारसं ताणलं जात नाही, म्हणून आतून नवं तयार करून जुनं फोडून बाहेर पडावं लागतं. गोलकृमी प्रौढ होईपर्यंत चार वेळा कात टाकतात. कीटकांमध्ये ही क्रिया सुरू करणारं संप्रेरक, एक्डायसोन, बुटेनांट आणि कार्लसन यांनी १९५४मध्ये वेगळं केलं. कोषावस्थेतले ५०० किलो रेशीमकिडे वापरल्यावर त्यांच्या हाती २५ मिलिग्रॅम स्फटिक लागले होते. कात टाकण्याचं शरीरशास्त्र असं माहीत होतं. पण ही रीत रक्ताच्या नात्याची खूण असेल, हा विचार मागेच राहिला होता.

१९९७च्या निबंधाचं खरं बळ प्राण्यांच्या निवडीत होतं. डीएनएची लिपी चार अक्षरांची. एखाद्या प्राण्याचं जनुक झपाट्यानं बदलत गेलं, की त्यातली अक्षरं दूरच्या प्राण्यांच्या अक्षरांशी योगायोगानंच जुळू लागतात. गणिताला ते नातं वाटतं आणि वेगानं बदललेला प्राणी वृक्षाच्या बुडाशी ढकलला जातो. प्रयोगशाळांचा लाडका गोलकृमी ‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स’ नेमका असा होता. अग्विनाल्दोंच्या गटानं १८एस आरएनए जनुक ट्रायकिनेला या सावकाश बदललेल्या परजीवी गोलकृमीतून घेतलं. त्याबरोबर गोलकृमी बुडापासून उचलले जाऊन संधिपादांच्या शेजारी आले.

एका जनुकावर एवढा डोलारा का उभारायचा, हा आक्षेप रास्त होता. १९९८मध्ये एलिगन्सचा, २०००मध्ये फळमाशीचा आणि २००१मध्ये मानवी जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध झाला. आता शेकडो जनुकं ताडून पाहणं शक्य झालं. २००२ आणि २००४मध्ये झालेल्या अशा तुलनांचं उत्तर मात्र जुन्याच बाजूनं आलं : माशी कृमीपेक्षा माणसाला जवळची. कात टाकणाऱ्यांचं कूळ मोडीत निघणार, असं काही काळ वाटलं.

त्या तुलनांमध्ये जनुकं भरपूर होती, प्राणी मोजकेच. फिलिप, लार्टियो आणि ब्रिंकमन यांनी २००५मध्ये जास्त प्राणी घेतले आणि वेगानं बदललेल्यांचा प्रभाव काबूत ठेवला, तेव्हा कूळ पुन्हा उभं राहिलं. २००८मध्ये केसी डन आणि सहकाऱ्यांनी आजवर दुर्लक्षित राहिलेल्या अनेक प्राण्यांची जनुकं तपासात आणली, आणि पारडं निर्णायकपणे झुकलं. मोजक्याच प्राण्यांविषयी कितीही माहिती गोळा केली, तरी चूक दुरुस्त होत नाही. ती अधिक ठाम होते. या तीस वर्षांतला हा धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

या निकालाचा परिणाम मानवी जनुकांच्या अभ्यासापर्यंत पोचला. एखादं जनुक माशीत नाही, कृमीतही नाही, पण माणसात आहे, तर ते पृष्ठवंशीयांत नव्यानं आलं असावं, असं समजलं जाई. २००३मध्ये अशी काही जनुकं प्रवाळात सापडली. म्हणजे ती मुळात पुरातन होती. माशी आणि कृमी या दोघांच्या वंशात ती गळून पडली होती. आणि हे दोघेही एकाच शाखेवरचे, म्हणून त्यांची साक्ष दोन स्वतंत्र साक्षीदारांची मानता येत नाही.

आज या कुळात आठ संघ मानतात. संधिपाद आणि गोलकृमी ओळखीचे. त्यांच्याबरोबर मखमली कृमी, टार्डिग्रेड म्हणजे सूक्ष्म ‘पाणअस्वलं’, केसासारखे लांब परजीवी कृमी आणि समुद्रतळाच्या गाळातले तीन संघ आहेत. त्यांतला लॉरिसिफेरा तर थेट १९८३मध्ये राइनहार्ट क्रिस्टेन्सन यांनी वर्णन करेपर्यंत विज्ञानाला अज्ञात होता. घरातल्या घरातही फेरबदल झाले : कीटक ही कवचधारींचीच एक शाखा आहे, हे २०१०मधल्या ६२ जनुकांच्या अभ्यासानं पक्कं केलं. चीनमधलं सॅकोऱ्हायटस हे सूक्ष्म जीवाश्म २०१७मध्ये आपल्या दूरच्या पूर्वजांत गणलं गेलं. २०२२मध्ये ते कात टाकणाऱ्यांकडे आलं.

टार्डिग्रेडांची नेमकी जागा मात्र अजून वादात आहे. तिथेही उत्तर दुर्लक्षित जिवांकडूनच येईल. अशा जिवांचं एक उदाहरण : अरुणाचलातल्या सियांग खोऱ्यात १९११च्या मोहिमेत एक मखमली कृमी मिळाला होता, स्टॅन्ली केम्प यांनी त्याचं वर्णन केलं. नंतर शंभराहून अधिक वर्षांनी बेंगळुरूच्या ‘अत्री’ संस्थेच्या संशोधकांना तो पुन्हा सापडला आणि त्याचा डीएनए अभ्यासता आला. दगडाखालचा असा एकेक जीव वंशवृक्षाची एक अख्खी फांदी तोलून धरतो. आपल्या शालेय पुस्तकांत गोलकृमी अजूनही खालच्या पायरीवर आहेत, तर वलयी आणि संधिपाद एकामागोमाग येतात. ती मांडणी आता बदलायला हवी. त्याहून निकडीचं काम म्हणजे अशा खोऱ्यांत जाऊन हे प्राणी गोळा करणाऱ्या, ओळखणाऱ्या माणसांना पाठबळ देणं. १९९७पासूनचा प्रत्येक खरा टप्पा अशा कुणीतरी आणलेल्या नमुन्यामुळेच गाठता आला आहे.