खेळांचा संपादक

सुटीच्या दिवसांत चार बिऱ्हाडांचीं मुलें एकत्र जमलीं, कीं पट मांडला जातो. आणि पट मांडला, कीं तंटाही ठरलेलाच! ‘आमच्याकडे असें नाहीं’, ‘आजोळीं तर असेंच खेळतात’ हे उद्गार कोणत्या घरांत ऐकूं येत नाहींत? सोंगटी मेली केव्हां समजावयाची, कवड्यांचें कोणतें दान पडल्यास पुन्हां खेळावयाचें, याचे नियम आपल्याकडे तोंडोतोंडीं चालत आले. त्यामुळें दर घराचा कायदा निराळा. ज्यानें एखादा खेळ कधीं पाहिलाही नाहीं, त्याला तो केवळ वाचून बिनचूक खेळतां यावा, असे नियम लिहिणें हें एक स्वतंत्र व कष्टाचें काम आहे. त्या कामांत आयुष्य वेंचणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाची ओळख आम्ही आज वाचकांस करून देत आहों.

सिड सॅक्सन यांचा जन्म १९२० सालीं शिकागो शहरीं झाला. व्यवसायानें ते इंजिनियर. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत त्यांचें बिऱ्हाड होतें. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळांत ते नवे खेळ रचीत आणि पत्नी बर्निस व स्नेहीमंडळी यांच्यासह खेळून पारखीत. १९६४ सालीं त्यांचा ‘अ‍ॅक्वायर’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्याच्या पटावर १०८ घरें. आपल्या जपमाळेच्या मण्यांइतकीं! चौकटी मांडीत गेलें, कीं हॉटेलांच्या साखळ्या तयार होतात. खेळाडूंनीं त्यांचे शेअर घ्यावयाचे. दोन साखळ्या भिडल्या, कीं मोठी लहानीला गिळते आणि गिळलेल्या साखळीच्या बड्या भागीदारांस बक्षीस मिळतें. आतां खरी मेख पाहा. दोन्ही साखळ्या सारख्याच मोठ्या निघाल्या तर? ज्याच्या चौकटीनें त्या जुळल्या, त्यानें ठरवावें. दोघांचे शेअर समसमान निघाले तर? पहिलें व दुसरें बक्षीस एकत्र करून दोघांनीं वांटून घ्यावें. तंटा होण्यापूर्वींच त्याचा निवाडा लिहून ठेवणें, हेंच संपादकाचें कसब.

१९६९ सालीं त्यांचा ‘अ गॅमट ऑफ गेम्स’ हा ग्रंथ निघाला. त्यांत ३८ खेळ आहेत. पत्ते, फांसे, सोंगट्या, कागद-पेन्सिल यांवाचून बहुधा दुसरें कांहीं लागत नाहीं. त्यांत स्वतःचे खेळ आहेत, तसेच इतरांचेही. आणि ज्याचा खेळ त्याचें नांव त्यास आहे. क्लॉड सूसी यांचा ‘लाइन्स ऑफ अ‍ॅक्शन’ हा त्यांतलाच एक. घरच्या बुद्धिबळाच्या पटावर तो आजच खेळून पाहावा. दोघांच्या बारा बारा सोंगट्या: एकाच्या वरच्या व खालच्या कडेस, दुसऱ्याच्या डाव्या व उजव्या कडेस, चारी कोपरे मोकळे. सोंगटी उभी, आडवी किंवा तिरपी चालते. मात्र ज्या ओळींत ती चालावयाची, तींत दोघांच्या मिळून जितक्या सोंगट्या असतील, तितकींच घरें. स्वतःच्या सोंगटीवरून उडी चालते, शत्रूच्या चालत नाहीं. शत्रूच्या घरावर नेमकी पडली तर ती मरते. ज्याच्या सर्व सोंगट्या प्रथम एकमेकींस लागून उभ्या राहतील, तो जिंकला. इतक्या थोड्या वाक्यांत सारा खेळ मावतो!

पुढें १९७० सालीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, सॅक्सन यांनीं इंजिनियरची नोकरी सोडली आणि खेळांनाच वाहून घेतलें. त्या वयांत बांधलेला पगार सोडणें म्हणजे काय, हें प्रपंच करणाऱ्यास सांगावयास नको. नियतकालिकांतून खेळांचीं परीक्षणें लिहावीं, नवे खेळ पारखावे, जुने शोधावे, असा त्यांचा क्रम होता. १९८१ सालीं ‘फोकस’ या त्यांच्या खेळास जर्मनींतील ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळाला.

त्यांची विश्रांती कोणती, असें कोणी विचारील. तीही खेळच! कामाचा व करमणुकीचा हिशेब एकाच वहींत होता. १९६३ पासून तीस वर्षांहून अधिक काळ ते रोजनिशी लिहीत: कोणता खेळ कोणाबरोबर खेळलों, कोणाचें पत्र आलें, कोणाशीं टेलिफोनवर बोलणें झालें. घरांतील खेळांचा संग्रह १८,००० च्या घरांत गेला होता असें सांगतात. २००२ च्या नोव्हेंबरांत ते निवर्तले, आणि तो संग्रह लिलावांत विकला जाऊन दाही दिशांस पांगला. रोजनिशा मात्र रॉचेस्टर येथील ‘द स्ट्राँग’ या खेळविषयक संग्रहालयांत जतन झाल्या आहेत.

वस्तु पांगल्या, लिहिलेलें उरलें. यांतला बोध आपल्यासाठींही आहे. आपल्या आजीला ठाऊक असलेले कवड्यांचे नि काचापाण्याचे डाव तिच्याबरोबरच जावयाचे काय? येत्या सुटींत घरांतील एखाद्या हुशार मुलीच्या हातीं वही द्यावी, आजीस शेजारीं बसवावें, आणि ‘असें झालें तर?’ हा प्रश्न पुन्हां पुन्हां विचारावयास सांगावें. घरोघरींचे नियम भिन्न निघाले तरी बिघडत नाहीं, तेही लिहावेत. तंटा मिटला नाहीं तरी खेळ उरेल.