अंदाज आणि खर्च : फरकाचा खुलासा कसा पारखावा?

‘महागाईमुळे खर्च वाढला.’ 2022 मध्ये मालेगावच्या आमच्या यंत्रमागाच्या शेडचे काम संपत आले, तेव्हा हिशेब पाहणाऱ्या भाच्याने एवढे एकच वाक्य लिहून बँकेला दिले. अंदाज 24 लाखांचा होता, खर्च 29 लाख 40 हजारांवर गेला होता. बँकेने कागद परत केला आणि कर्जाचा पुढचा हप्ता थांबवला. मला राग आला. त्या वर्षी कापसाच्या खंडीने 1 लाख रुपयांचा भाव ओलांडला होता, महागाई आंधळ्यालाही दिसत होती. मग यात खोटे ते काय?

खोटे नव्हते, पण तो खुलासाही नव्हता. कोणत्या मालाचे दर वाढले, कितीने वाढले आणि 5 लाख 40 हजारांपैकी किती रक्कम त्यात गेली, हे लिहिले नाही तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

रात्री आम्ही मामा-भाचे बिले घेऊन बसलो. सुरुवात लोखंडापासून केली. अंदाजात 6 टन, 58 हजार रुपये टनाने, म्हणजे 3 लाख 48 हजार. प्रत्यक्षात साडेसात टन लागले, 64 हजारांच्या दराने, म्हणजे 4 लाख 80 हजार. फरक 1 लाख 32 हजारांचा. दर टनामागे 6 हजारांनी वाढला, साडेसात टनांवर ते झाले 45 हजार. उरलेले 87 हजार जास्तीच्या दीड टनाचे, तेही जुन्याच दराने. म्हणजे महागाईचा वाटा जेमतेम एक तृतीयांश!

“हे दीड टन गेले कुठे?” मी विचारले.

भाचा घुटमळला. “मामू, सुताच्या गोण्या ठेवायला माळा वाढवा, असे तुम्हीच सांगितले होते.”

खरे होते. मिस्त्रीला मी तोंडी सांगितले, वहीत नोंद नाही. ‘महागाई’ या शब्दाखाली माझाच हुकूम झाकला गेला होता.

तेव्हापासून असा कागद आला की मी आधी बेरीज करतो. दिलेल्या कारणांचे आकडे मिळून पूर्ण फरक भरून निघतो का? नसेल तर उरलेली रक्कम कुठेतरी दडलेली असते. आमच्याच कागदात जुने माग 40 हजारांनी स्वस्त मिळाले होते आणि वायरिंग 40 हजारांनी महाग पडले होते. भाच्याने दोन्ही एकत्र करून ‘फरक नाही’ असे लिहिले. विजेच्या मीटरचे डिपॉझिट भरायचे राहिले होते, ते ‘बचत’ म्हणून दाखवले. पुढच्या महिन्यात द्यायची रक्कम ही कसली बचत?

भाषेची काळजी करू नये. माझ्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्याने मोडक्यातोडक्या मराठीत लिहिले तरी चालते, आकडा बिलाशी जुळला पाहिजे.

दुसरा कागद दीड पानाचा झाला. दर किती, माल किती, फेरबदल कोणाच्या सांगण्यावरून, अजून काय देणे आहे, सारे त्यात होते. अधिकाऱ्याने एकच प्रश्न विचारला : माळ्याचा खर्च कर्जातून करणार काय? तो मी घरातून भरला. हप्ता तीन आठवड्यांनी आला.